ओट्यावरची चिंबोरी

एका शेफचं आत्मचरित्र वाचून मी चिंबोऱ्या करायला घेतल्या, सांगते ऐका. तोही म्हणे पहिल्यांदा जिवंत चिंबोरी बघून पळाला होता, दुसऱ्या दिवशी परत आला. पुढच्याच पानावर रश्श्याची कृती. साताऱ्याहून आई बोईसरला येणार होती, 'तुला साधा चहा जमत नाही' म्हणणारी. तिला हाच रस्सा वाढायचा, ठरलं!

धुवायला म्हणून मी चिंबोरीच्या नांग्यांची दोरी कापली. ती सटकली, थेट सिलिंडरमागे. मी किंचाळत, जिच्याकडून घेतली त्या एडवणच्या मावशीला फोन लावला.

"मावशी, चिंबोरी सुटली!"

"दोरी कशाला सोडलीस? आन तू कुटं हायस?"

"ओट्यावर."

"अगो बाय, ओट्यावर तिला चढवायचं, तुला नाय!"

हातात चिमटा घेतला, उतरले खाली आणि पकडलीच तिला. जेवताना आईनं रस्सा पुन्हा मागून घेतला. ओट्याचं तेवढं तिला सांगू नका हं.