गोटीरामच्या अहवालातला शब्द

आजच्या माझ्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमचे संचालक हर्षल साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, युनियनची मंडळी, पॅकिंगपासून प्रेस शॉपपर्यंतचे माझे सहकारी आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या पत्नी सितारा बेगम, सर्वांना हारुनचा नमस्कार.

एकतीस वर्षं मी अंबडच्या या कारखान्यात इंग्रजी कागद लिहिले. मघाशी माझ्या इंग्रजीचं कौतुक झालं, जरा जास्तच झालं. शनिवारी कॅन्टीनमध्ये कामगारांच्या मुलांना शिकवायचो, त्याचंही झालं. हिअर म्हणजे कानावर पडणं, लिसन म्हणजे कान देऊन ऐकणं. मुलांना गंमत वाटायची. मलाही मिरवायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्या वर्गात सृष्टी यायची. प्रेसवरच्या गोटीरामची मुलगी. ती बघा, दाराजवळ उभी आहे. बस ना बेटा, खुर्ची आहे. बरं, राहू दे.

एका शनिवारी तिने मिस्टेक आणि नेग्लिजन्समधला फरक विचारला. मी खुशीत सांगितलं, नकळत होते ती मिस्टेक. धोका दिसत असून काळजी घेतली नाही तर नेग्लिजन्स. तिने वहीतून घडी घातलेला कागद काढला. वडिलांच्या अपघाताचा अहवाल. लिहिणारा मी.

"मग सर, माझ्या वडलांनी यातलं काय केलं?"

मी घड्याळ पाहिलं आणि वर्ग सोडून दिला.

पाहुण्यांसाठी सांगतो. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात साच्याबाहेर राहतात. आपल्याकडे टार्गेट गाठायला एक बटण पट्टी लावून दाबलेलंच ठेवायचे. वरच्या हुकमाने. मला माहीत नव्हतं? रोज तिथूनच जात होतो. गोटीरामचा उजवा हात गेला, तेव्हा मी आधी अ‍ॅक्सिडेंट लिहिलं होतं. तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, शब्द बदला. मी बदलला, गोटीरामचा नेग्लिजन्स लिहिलं. पट्टीचा उल्लेखही गाळला.

बसा, हर्षल साहेब. दोनच मिनिटं.

त्याची नोकरी गेली. इगतपुरीला त्याच्या घरी गेलो, तर तो माझीच समजूत घालायला लागला. "सायेब, इंग्रजीत लिवलंय म्हंजी माझंच चुकलं असंल." मी चहा प्यायलो आणि परत आलो. तीन वर्षांनी तो वारला. शेवटपर्यंत स्वतःलाच बोल लावत होता. याची मला शरम वाटते.

सृष्टी, हा माझा सही केलेला जबाब. पट्टी, हुकूम, बदललेला शब्द, सगळं आहे. मराठीत आहे. कामगार न्यायालयात बोलवतील तेव्हा मी येईन.

आपण शाल दिलीत, वेळ दिलात, आभारी आहे. बोलताना कुठे कमी-जास्त झालं असेल, तर ती मिस्टेक समजून माफ करा. गोटीरामच्या बाबतीत मी केलं ती मिस्टेक नव्हती. त्याची माफी या सभागृहाकडे मागत नाही.