बागेतली बिडी

हसाल तुम्ही, पण सांगतोच. मी डॉक्टरेट केलेला माणूस. तरी नंदनवनच्या बागेत रोज माझ्या बाकावर बसणाऱ्या गुलाबरावांना "तुमच्या बिडीचा मला त्रास होतो" एवढं सांगायची हिंमत झाली नाही. दोस्ती तुटली तर? मग उघड्यावरच्या धूम्रपानबंदीच्या कायद्यासाठी सरकारने सूचना मागवल्या, तेव्हा मी चार पानं लिहून पाठवली.

कायदा झाला, बागेत पाटी लागली. गुलाबराव फाटकाबाहेर बसू लागले आणि बाकावर मी एकटा उरलो. शेवटी बाहेर जाऊन कबूल केलं, "बंदी मीच मागितली होती. मला धूर सोसत नाही."

त्यांनी बिडी चपलेखाली विझवली. "चाला आत. पण सर, मी तर बाजूलेच बसून राहायचो जी! मले सांगाचं सोडून सरकारले काहून सांगतलं?"