रसाच्या बारशाला पाहुणे

श्टेफेक: नोव्हेंबर! लिही पोरी, अकरा नोव्हेंबर, सेंट मार्टिनचा दिवस. बाकीचे महिने देवानं नुसते मध्ये भर घालायला केलेत.

बारिचा: काही लिहू नकोस, तिहाना. तुझे होणारे सासू-सासरे पहिल्यांदा आपल्या डोंगरावर येणार, ते काय या म्हाताऱ्याला पुठ्ठ्याची टोपी घालून, खोटा बिशप होऊन द्राक्षाच्या रसाचं वाइन म्हणून बारसं करताना बघायला? तुझा सासरा खराखुरा पाद्री आहे. वाइनला बोट लावत नाही.

तिहाना: आजी, हेनिंगच्या आईनं एवढंच विचारलंय की द्राक्षमळे बघायला कुठला हंगाम चांगला. आज कळवायचंय, त्यांना रजा टाकायचीय. आणि त्याचे बाबा म्हणाले...

बारिचा: मे लिही. टेकड्या हिरव्यागार, हवा गोड, आणि आजोबा शुद्धीवर.

श्टेफेक: मेमध्ये बघायला आहे काय? मोरचूद फवारून निळा पडलेला म्हातारा. गेल्या खेपेला कुत्रं मला ओळखेना, दोन दिवस घरात घेतलं नाही त्यानं.

बारिचा: ते मी सांगितलं होतं त्याला. बरं, जानेवारी. बर्फ असतो, चित्रासारखं दिसतं.

तिहाना: जानेवारीत सेंट व्हिन्सेंटच्या दिवशी आपण बोडक्या वेलींना सॉसेज टांगतो, आजी.

बारिचा: पीक चांगलं यावं म्हणून टांगतो! त्यात काय वाईट?

श्टेफेक: पाद्री घरी जाऊन सांगेल, तिकडे डुकरं वेलीला लागतात.

बारिचा: मग सप्टेंबर. तोडणी बघू दे.

तिहाना: तोडणीत तू कुणाशी धड बोलतेस? गेल्या वर्षी मावशीला कात्री फेकून मारलीस.

बारिचा: मारली नाही. दिली. लांबून दिली.

श्टेफेक: आणि ऑगस्टात आणू नका. उन्हात आपला चढ पाहुण्याला झेपायचा नाही. माझ्या वेलींमधला भोपळा एकदा देठावरून सुटला, तो गडगडत थेट सीमेपार. स्लोव्हेनियाच्या पोलिसानं त्याच्याकडे पासपोर्ट मागितला. तीन दिवस डांबून ठेवला बिचाऱ्याला, आणि परत आला तो निम्माच.

तिहाना: निम्मा?

श्टेफेक: बाकीच्याचं त्यांनी सूप केलं. म्हणून म्हणतो, नोव्हेंबर. हंस भाजलेला असतो, पिंपातला रस फसफसून निवलेला असतो, आणि मी म्हणेपर्यंत कुणाच्या बापाची त्याला वाइन म्हणायची टाप नसते.

बारिचा: आणि खऱ्या पाद्र्यासमोर तू पिंपाला आशीर्वाद देणार! लग्न मोडेल पोरीचं.

श्टेफेक: काही मोडत नाही. आपल्या गावचा फादर एकदा आला होता मला जाब विचारायला. तिसऱ्या पेल्याला गुडघे टेकून माझ्यापुढे पापं सांगायला लागला. तासभर! शेवटी कंटाळून मीच त्याला माफ केलं.

बारिचा: गुडघे टेकले नव्हते. घसरला होता.

श्टेफेक: देवाच्या वाटेवर सगळे घसरूनच येतात.

तिहाना: मला बोलू द्याल का दोघं? हेनिंगनं त्याच्या बाबांना आजोबांबद्दल सगळं सांगितलंय. टोपी, बिशपची म्हणून धरता ती वेलीची काठी, सगळं.

बारिचा: मेलो आपण. काय म्हणाला पाद्री?

तिहाना: म्हणाले, माझं चर्च दगडी, टोपी खरी, तरी रविवारी सात माणसं येतात. तुझ्या आजोबांकडे किती येतात?

श्टेफेक: तीनशे! पाऊस असला तर चारशे, मांडवात सगळे दाटीनं बसतात म्हणून. लिही, लिही त्याला.

बारिचा: मग पुढच्या नोव्हेंबरात येऊ देत. घाई कसली? यंदा घर रंगवून घेऊ.

श्टेफेक: पुढच्या वर्षी टोपी लोयझाच्या डोक्यावर असेल.

तिहाना: लोयझ काकांच्या? का? तीस वर्षं तुम्हीच बिशप आहात, आजोबा.

श्टेफेक: एकतीस. गावानं ठरवलंय. यंदाचं बारसं माझं शेवटचं.

तिहाना: पण का?

बारिचा: गेल्या वर्षी बारशात पिणाऱ्यांच्या दहा आज्ञा म्हणताना आठवीला अडकला. मी मागून सांगितली.

श्टेफेक: कुणाला कळलं नाही ते.

बारिचा: सगळ्यांना कळलं, श्टेफेक.

श्टेफेक: ...बरं, कळलं तर कळलं. पण तिहाना, तुझ्या सासऱ्यानं मला मेमध्ये पाहिलं तर काय पाहिलं? गुडघे धरून चढणारा म्हातारा. असले त्याच्या गावातही असतील. मार्टिनच्या दिवशी तासभर मी कुणीतरी असतो. तेवढंच बघून जावं त्यानं.

(बारिचा उठते, कपाटावरून पुठ्ठ्याची टोपी काढते, फुंकर मारते, सुई-दोरा घेऊन खिडकीशी बसते.)

बारिचा: लिही गं. नोव्हेंबर. चिखल असतो, जाड बूट आणा म्हणावं. आणि पाद्रीबाबांसाठी सफरचंदाचा रस काढून ठेवते, त्याचं बारसं करायचं नाही.

तिहाना: लिहिलं. पाठवलंसुद्धा.

बारिचा: हिला कसर लागलीय, म्हाताऱ्या. सोनेरी दोरा होता कुठे आपल्याकडे?... आणि तू बसलास काय नुसता? म्हण आठवी.

श्टेफेक: आत्ता?

बारिचा: आत्ता. रोज म्हणायची, मार्टिनपर्यंत.

श्टेफेक: आठवी... आठवी आज्ञा...

बारिचा: सांगू?

श्टेफेक: नको. पहिला शब्द तेवढा सांग.