थोरल्या साडूंसाठी निवडलेले ब्रेक

...आणि वर मलाच म्हणतात, "गाडी अगदी फुलासारखी वापरली हो तुझी." फुलासारखी? तुम्हाला सांगतो, मी काही मनात ठेवणारा माणूस नाही, पण हे आमचे थोरले साडू, बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, यांची स्वतःची गाडी कायम कव्हराखाली, रंग उडेल म्हणून, आणि हिंडायला आमची. आमची आपली एवढीशी, मागे तिघं बसली की मधल्याने खांदे खिशात ठेवायचे अशी. ती महिनाभर वापरून परत दिली, आणि दुसऱ्याच दिवशी मी बायकोला घेऊन उतारावरून येतोय, समोर दुधाची गाडी उभी, ब्रेक दाबला तर खालून फरशीवर लोखंडी कपाट ओढल्यासारखा आवाज, आणि गाडी आपली चाललीच आहे... थांबली, नाही असं नाही, पण दुधाच्या गाडीवरची बारीक अक्षरं मी चष्म्याशिवाय वाचली. बायकोने माझा हात जो धरला, तो गिअर टाकायलाही सोडेना. ते माझ्या डोक्यात बसलं.

मेकॅनिकने चाक काढलं, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "ब्रेकचे पॅड पार संपलेत. नुसतं लोखंड डिस्कवर घासतंय, डिस्कलाही खाचा पडल्यात. दोन्ही बदला. ब्रेकवर पाय ठेवूनच चालवता का?" साडूंना फोन लावला, तर म्हणतात कसे, "अरे, मी सांभाळून चालवतो ना, म्हणून पाय ब्रेकवरच असतो." आता याला काय म्हणायचं, सांगा.

पण मी काही मनात ठेवणारा माणूस नाही. गेलो पार्टच्या दुकानात. दुकानदाराने आधी डिस्कची जोडी काढली. "डावी-उजवी एकदमच बदलायची, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते." ठीक. मग पॅडचे दोन खोके ठेवले. "हे घ्या, चाकावर काळी पूड नाही, आवाज नाही, थांबलेलं कळतसुद्धा नाही. हे दुसरे धातूचे, पकड एकदम घट्ट, पण ओरडतात." मी विचारलं, ओरडतात म्हणजे किती? "गल्लीतल्या खिडक्या उघडतील इतके." मी दुसऱ्या खोक्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "अहो, लोक आवाज बंद करायला येतात." म्हटलं, गाडी थांबेल ना? "जागच्या जागी थांबेल." मग हेच द्या.

कारण रविवारी साडू पुन्हा येणारच होते गाडी मागायला. आले, आणि मी न मागता किल्ली पुढे केली. बायको बघतच राहिली, "अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?" मला तर इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. पाय कायम ब्रेकवर ठेवणारा माणूस आणि ओरडणारे ब्रेक, म्हणजे बघा, गावभर वरात. गल्लीच्या तोंडाशी पहिली किंकाळी ऐकली आणि मी चहा दोनदा घेतला. मनात ठेवणारा माणूस नाहीच मी, सगळं चाकात घातलं होतं.

संध्याकाळी थोरल्या मेहुणीचा फोन, रडवेला आवाज. म्हटलं, लागला बाण. तर ती बायकोला सांगतेय, "अगं, आम्ही बाबांकडे गेलो होतो." बाबा म्हणजे आमचे सासरे. गेली काही वर्षं त्यांना ऐकू येत नाही, बेल वाजवा, दार बडवा, माणूस समोर उभा राहीपर्यंत पत्ता नाही. "तर आज कोपऱ्यावर ब्रेक लागला आणि बाबा खुर्चीतून उठले गं. स्वतः फाटकापर्यंत आले, म्हणाले, कोणीतरी येतंय, मला ऐकू आलं." आणि साडू काय म्हणाले असतील? "बाबा, खास तुमच्यासाठीच बसवून घेतले."

तुम्हाला सांगतो, मी बोलणार होतो. पण बायको डोळे पुसत म्हणाली, "अहो, आता त्या ब्रेकना हात लावायचा नाही." नाही लावला. पुढच्या रविवारी मीच गेलो सासऱ्यांकडे, अख्खा रस्ता कानात बोटं घालून माझ्याकडे बघतोय, मी मान खाली घालून चालवतोय. फाटकाशी ब्रेक दाबला. सासरे लगबगीने बाहेर आले, काचेतून वाकून आत बघितलं, आणि चेहरा पडला त्यांचा.

"तुम्ही होय... मला वाटलं, थोरले जावई आले."