फूल डाव्या हाताला पडलं होतं

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय जयवंतराव, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, लालबाग, परळ, कॉटन ग्रीनहून आलेले शेरखोल ग्रामस्थ मंडळाचे सभासद, खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे उभ्या असलेल्या माझ्या मायबहिणी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलोय ते आपले राजाराम भाऊजी, सगळ्यांना शेवंतीचा नमस्कार.

मला दोन मिनिटं दिलीत. जास्त लागतील. चहा थंड झाला तर परत गरम करू.

भाऊजी पंचवीस वर्षं मंडळाचे सचिव. माझा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस हे माझ्या दारात खुर्ची टाकून बसले होते. येईल त्याला सांगायचे, "वहिनीला काही विचारू नका. चहा प्या नि जा." असा माणूस. त्यांना आता दोन जिने चढायला पाऊण तास लागतो. खोलीच्या मागे बेकरीचं धुराडं, पुढे टॉवरचं खोदकाम. त्यांची लेक अपेक्षा नर्स आहे, ती रोज मोबाइलवर हवेचा आकडा बघते आणि खिडकी लावून घेते. डॉक्टर म्हणाले, ही हवा सोडा, गावी जा. म्हणून आजचा हा निरोप. उद्या सकाळची गाडी आहे.

पण गावी जा म्हणजे कुठल्या हवेत जा, हे डॉक्टरला कुणी सांगितलं का?

जयवंतराव, खुणा करू नका. मला दिसतंय.

भाऊजींचं घर झाडूनपुसून ठेवायला मी मागच्या आठवड्यात गावी गेले होते. चार दिवस राहिले. सकाळी झाडलं, दुपारी परत लादीवर पाय उमटायला लागले. मला वाटलं, माझंच काम कच्चं. दुसऱ्या दिवशी दोनदा पुसलं. तेच. हंड्यावर झाकण होतं तरी पाण्यावर लाल साय. मग मागचं दार उघडलं. डोंगर जागेवर होता, झाडं नव्हती. ऐन नाही, किंजळ नाही, जांभूळ नाही. जाळलेले खुंट, आणि पायथ्याशी कोळशाच्या भट्ट्या धुमसतायत. सकाळी तो धूर वर जात नाही, घराघरातून फिरतो. मी खोकायला लागले तशी शेजारची रमाबाई म्हणते, "मुंबैसून इलंस मा? मगे तुका सवय आसतली."

मी शाळा चौथीत सोडली. झाडं हवा देतात एवढंच मला माहीत. अपेक्षाला विचारलं, तर ती म्हणाली, काकी, तेवढंच नाही. पानं धूळ धरून ठेवतात. जंगलाखालची माती ओली आणि सावलीत असते, म्हणून धूळ उठतच नाही. तोडलं की माती सुटली, ऊन लागलं, वारा ती उचलतो. वर पालापाचोळा आणि खुंट जाळले की जे झाड धूर अडवत होतं तेच धूर होतं. आणि तो बारीक धूर छातीत जाऊन बसतो, खोकून निघत नाही. बाकी लाकूड ट्रकांत भरून भट्ट्यांना आणि बॉयलरना गेलं. भाऊजींच्या मागच्या बेकरीतच आलं असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण कुणाच्या तरी खिडकीमागे जळलंच ना?

आता तोडलं कुणी? कंत्राटदाराला शिव्या घालू नका. तो करवत घेऊन आला, पण बोलावलं आपण.

भाऊजी, तुम्हाला आम्ही सांगितलं होतं, थोडीशी तोड झाली. खोटं होतं ते. तुम्ही तेव्हा हॉस्पिटलात होतात, नाकाला नळी. इकडे देवळाला सभामंडप बांधायचं घाटत होतं, पैसा डोंगरावरची झाडं विकून उभा करायचा. डोंगर सामाईक, सातबाऱ्यावर बासष्ट नावं. म्हणून आधी रवळनाथाला कौल लावायचं ठरलं. पूर्वी कौलासाठी माणसं गावी जायची. आता रजा कुणाला? जयवंतरावांच्या खोलीत आम्ही वीस जण व्हिडिओ कॉल लावून एका मोबाइलभोवती बसलो. तिकडे देवळात धोंडू गुरव, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताने त्याने मूर्तीला फुलं लावली आणि गाऱ्हाणं घातलं, तोड व्हायची असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे. सगळे श्वास धरून. फूल सुटलं, आमच्या उजवीकडचं. "दिला! दिला कौल!" असा ओरडा झाला, फोन बंद, पेढे वाटले.

अहो, उजवा कुणाचा बघतात? देवाचा! देव आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो. त्याचा डावा तो आपला उजवा. गावातलं शेंबडं पोर सांगेल. पण आपल्याला पडदा बघायची सवय.

धोंडू मला मागच्या आठवड्यात देवळाच्या पायरीवर म्हणाला, "वयनी, मी तीनदा फोन लावलंय. कोणी उचलूक नाय. मगे सह्यांचो कागद इलो. मी गुरव, मी काय बोलतलंय?"

त्याचं राहू दे, माझं ऐका. मला सासूने हे शिकवलं होतं. त्या खोलीत, त्याच घटकेला मला कळलं होतं. मी तोंड उघडलं आणि कुणीतरी त्यात पेढा कोंबला. हसू नका. पेढा गिळायला कितीसा वेळ लागतो? गिळला आणि गप्प बसले. एवढे सगळे खूश आहेत, आपण कशाला अपशकुन करा? वर सात दिवस चाळी-चाळीत फिरून बासष्ट सह्या मीच आणल्या.

भाऊजी, उद्या जाऊ नका. मग कुठे जायचं, हे मला विचारू नका. मला माहीत नाही. इथे श्वास लागतो, तिथेही लागेल. पण इथे निदान अपेक्षा आहे, हॉस्पिटल हाकेवर आहे. तिथे ॲम्ब्युलन्स यायला दीड तास.

आणि सभासदहो, आज चहानंतर दुसरा कागद सहीला आहे. देवळामागची राई तोडायचा. गावात तेवढाच एक तुकडा उभा राहिलाय. रमाबाई दुपारी दम लागला की तिथे जाऊन बसते. या वेळी कौलसुद्धा नको म्हणतात, मागचाच चालेल. माझी सही त्यावर होणार नाही, हे माइकवर सांगते. उद्या घरी येऊन मला समजवायचे कष्ट घेऊ नका.

मला बोलू दिलंत, तुमचे आभार. चांगल्या कार्यात कडू बोलले, अध्यक्षांचा मान राखला नाही, तेवढं पोटात घाला. कौलाचं मात्र घालू नका, भाऊजी, तुम्ही तर मुळीच नको.

राईच्या सह्यांचा कागद या वेळीही माझ्याकडेच दिलाय, माझ्या पिशवीत आहे. तो मी फाडणार नाही, जयवंतराव दुसरा छापतील. मी तो इथे भाऊजींच्या खुर्चीपुढच्या टेबलावर ठेवते. ज्याला सही करायची असेल त्याने पुढे यावं, त्यांच्या छातीची घरघर ऐकू येईल इतकं जवळ, आणि करावी. हे पेन.