सुमनने काढलेली चूक

त्या दिवशी मी सवयीने दोघांपुरतं दळण घेऊन गिरणीतून निघालो होतो, एवढ्यात कॉम्प्युटर क्लासवाले बापू सायकलवरून हाका मारत आले. "सर, बाईंना परदेशातनं ई-मेल आलाय!"

सुमनला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

माझी बायको सुमन सांगलीत बापूंच्या क्लासात शिकवायची. तिथे एक फुकट मिळणारी प्रोग्रॅमिंगची भाषा होती. तिच्यात ऋण संख्येला भागलं की उत्तर चुकायचं. ते सुमनने पकडलं आणि भाषा बनवणाऱ्यांना कळवायला बसली, तेव्हा बापू हसले होते. "आवं बाई, धर्माची गाय, तिचं दात कशाला मोजताय?"

"या भाषेच्या परवान्यात लिहिलंय, वापरा, वाटा, बदला. म्हणजे आपलीच झाली की, बापू. आपल्या वहीतली चूक मी सोडते का?"

बापूंनी छापून आणलेला कागद मी रस्त्यातच वाचला. 'नव्या आवृत्तीत चूक दुरुस्त केली आहे. तपासून कळवा, म्हणजे तक्रार यादीतून काढू. तोवर ती तुमच्या नावावर राहील.'

दळण हातात तसंच धरून मी क्लासात गेलो. बापूंनी नवी आवृत्ती घालून भागाकार करून बघितला. उत्तर बरोबर आलं.

"लय हुशार बाई होत्या, सर," बापू म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बरोबर आलं म्हणून कळवू त्यांना?"

"राहू दे. मी कळवतो."

अजून कळवलेलं नाही.