रिपोर्ट माझा, बोलणी तिला

मी बालाजी. नाव हाय तेच लिहा, बदलू नका. बदललं की परत लपवालपवी आली, आन् मला त्याचाच वैताग आलाय. मूळचे आम्ही जळकोटकडचे, पण वडील शाळेत शिपाई होते, त्यांची बदली शिरूर अनंतपाळला झाली तवापासून इथंच. वडील वारले, आता घरात माय, मी आन् माझी बायको संगीता. तहसीलच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान हाय, लॅमिनेशन बी करतो. जातीचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, दिवसभर कागदच कागद. अकराव्या वर्षी मला शुगर झाली, म्हाताऱ्या माणसाची असते तसली न्हाई, इन्सुलिनवाली, दिवसातून चार डाव सुई. गिऱ्हाईक समोर असलं तरी शर्ट वर करून पोटात टोचून घेतो, भूक लागली तर माणूस लाजतो का, तसंच हे.

काय सांगू तुम्हाला, लग्नाच्या बैठकीत बी मी लपवलं न्हाई. संगीता उमरीची, तिच्या वडिलांना सगळ्यांदेखत सांगितलं, मामा, मला शुगर हाय, जन्मभराची हाय. ते म्हणले आजकाल शुगर कुणाला न्हाई, आन् लगेच माझ्यापुढं पेढा धरला. तितंच मला समजायला पाहिजे होतं की लोक ऐकतात पण कानात घेत न्हाईत.

लग्नाला पाच वर्षं झाली, लेकरू न्हाई. मग तपासलं कुणाला, तर हिला. लातूरला दोन दवाखाने, नांदेडला एक. हिचं रक्त, हिची सोनोग्राफी, हिच्या नळ्यांची तपासणी, त्या दिवशी शिरूर येईपर्यंत ती यष्टीत पोट धरून बसली होती. आन् मी काय करत होतो, तर बाहेर बाकड्यावर बसून होतो. तीन दवाखान्यांत एकानं बी मला विचारलं न्हाई की बाबा तू कोण, तुला काय होतंय. घरी आलं की मायचे उपास, हिच्या गळ्यात ताईत, दंडाला दोरा. खामखा बेजार केलं बाईला. मी बी गप्प होतो, खरं सांगतो, माझी बी चुकी हाय, लिहा.

मग लातूरलाच एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी आधी मला समोर बसवलं. शुगर किती वर्षांची, पायाला मुंग्या येतात का, संबंधाच्या टायमाला वीर्य बाहेर येतं का. मी म्हणलो, लई कमी, कधी कधी तर येतच न्हाई. त्यांनी संबंधानंतरची लघवी तपासली आन् सांगितलं, इतक्या वर्षांच्या शुगरनं नसा सुस्त झाल्यात, वीर्य पुढं यायच्या ऐवजी मागं लघवीच्या पिशवीत जातंय. तुमच्या बायकोचं सगळं चांगलं हाय. इलाज हाय म्हणल्या, लघवीतून शुक्रजंतू वेगळे काढता येतात, पण आधी तीन महिन्यांची सरासरी शुगर खाली आणा. मी तर सुटलो असं मला वाटलं. बाहेर येऊन संगीताला म्हणलो, दोष माझ्यात हाय. ती म्हणली, अवो, दोष म्हणू नका, बिमारी म्हणा. मला पाच वर्षं दोष म्हणले, मला मालूम हाय ते कसं लागतं.

आता माझा धंदाच कागदाचा. मला वाटलं, कागद दावला की मिटलं. तहसीलात कसं, दाखला दावला की साहेब गप. म्हणून रिपोर्टला लॅमिनेशन केलं, आन् आत्याच्या लेकीचं डोहाळजेवण होतं तिथं घेऊन गेलो. तिथं संगीताला सैपाकघरात भाजी निवडायला बसवलेलं, ओटी भरायला बोलवलं न्हाई. मी चारचौघांत रिपोर्ट आत्याच्या हातात दिला, म्हणलो, आत्या, वाच, तकलीफ मला हाय, हिला न्हाई. आत्यानं पुढून बघितला, मागून बघितला आन् म्हणली, तुझंच दुकान, तूच छापलास. सगळे हसले. एक मावशी म्हणली, असला नवरा पाहिजे बाई, बायकोचं सगळं आपल्या अंगावर घेतो. म्हणजे मी देव झालो, आन् ती होती तिथंच, भाजीपाशी. मी किती डाव सांगितलं, अवो, खरंच माझं हाय. जितकं सांगावं तितकं म्हणत्यात, बघा किती जीव हाय बायकोवर. आता बोला.

मग मी जाऊन संगीताजवळ भाजी निवडत बसलो. ती म्हणली, निवडायला येतंय का? मेथीची काडी बी पातेल्यात टाकलाव. पाच वर्षांत ती त्या घरात पहिल्यांदा हसली असंल.

माय मात्र घुम्यावानी. तिला वाचता येत न्हाई. एक दिवस तिनं विचारलं, ह्यात काय लिहिलंय ते सगळं वाच. मी वाचलं, लाज न ठेवता वाचलं. तिनं रिपोर्ट घेऊन देवाच्या फोटोमागं ठेवला. पंधरा दिवसांनी आत्या आली, म्हणली वैनी, उदगीरकडं एक पोरगी हाय, गरिबाची हाय, दुसरेपणावर द्यायला तयार हायेत. संगीता तिथंच चहा गाळत होती. मायनं फोटोमागून रिपोर्ट काढून आत्यापुढं धरला. आत्या म्हणली, वैनी, उलटा धरलाव. माय म्हणली, उलटा का सुलटा, माझ्या लेकानं मला वाचून दावलाय. दुसरी पोरगी आणून काय तिच्या बी गळ्यात ताईत बांधू का? आत्या अर्धा चहा ठेवून गेली, आन् आता गावभर सांगून राहिली की सुनेनं सासूला बी फिरवलं. करा काय करायचं ते.

तीन महिने भात सोडला, पेढा कुणी पुढं केला तर उठून जातो. परवाचा शुगरचा रिपोर्ट चांगला आला. मंगळवारी लातूरला बोलवलंय. लेकरू होईल का न्हाई, डॉक्टरीणबाई बी शब्द देत न्हाईत. न्हाई झालं तर आम्ही दोघं हावोत, तेवढं आमचं ठरलंय. पण काल माय म्हणली, ते लॅमिनेशनचं संगं घे. मी म्हणलो, माय, डॉक्टरीणबाईंना सगळं मालूम हाय, त्यांनीच दिलाय तो. माय म्हणली, त्यांच्यासाठी न्हाई रे. यष्टीत कुणी संगीताला विचारलं तर दावायला.